नाल्यापलीकडचा चढ

माझ्या पायात दोष आहे, असं जवळजवळ अर्धं वर्ष आलापल्लीत सगळे म्हणत होते. मी काही लंगडत नव्हते. क्लचवरून माझा पाय नीट सुटत नाही, रेस कधी द्यायची ते मला कळत नाही, म्हणून माझ्या हातात गाडी बंद पडते, असं त्यांचं म्हणणं. म्हणणाऱ्यांत आमचे हे होते, मेकॅनिक चाचा होते, आणि जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही असे दोन-तीन शेजारीही होते. मला मुळात राग लवकर येतो. त्या सहा महिन्यांत तर तो नाकावरून खाली उतरलाच नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. मी भामरागडच्या रस्त्यावरच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. घरापासून बावीस किलोमीटर, सगळा रस्ता जंगलातून. त्याआधीची चार वर्षं मी एस.टी.नं गेले होते. सकाळची एकच गाडी, ती आली तर आली. नाही आली की बांबूच्या ट्रकला हात दाखवायचा आणि ड्रायव्हरशेजारी पर्स छातीशी धरून बसायचं. परत येताना शाळा सुटायच्या आधी बस निघून जायची, मग पुन्हा ट्रकची वाट पाहायची. त्यामुळे यांनी जुनी, पांढरी, लहानशी पेट्रोलची गाडी घेतली आणि मी ती चालवायला शिकले, तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला नको. पहिल्या दिवशी शाळेच्या आवारात गाडी उभी केली आणि पाच मिनिटं नुसती आतच बसून राहिले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

घरात आम्ही तिघं. मी, हे आणि माझे बाबा. आई गेल्यावर मी बाबांना माझ्याकडे घेऊन आले होते. बाबांनी चाळीस वर्षं आरा मशीनवर आणि पुढे घरोघरी सुतारकाम केलं. आमच्या भागात साग म्हणजे घरचंच लाकूड. आलापल्लीत जुन्या माणसांच्या घरी दार असो की पाट, बाबांच्या हातचं काहीतरी सापडायचंच. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांनी हत्यारं पेटीत ठेवून दिली. चंद्रपूरला नेऊन ऑपरेशन करू म्हटलं की ते म्हणायचे, पुढच्या महिन्यात पाहू. असे दोन वर्षांचे पुढचे महिने झाले होते.

आता गाडीचं. होळीनंतर एकदा हे अहेरीच्या पंपावर पेट्रोल भरायला गेले, टाकीचं झाकण टपावर ठेवलं आणि तसेच निघून आले. झाकण वाटेत कुठं पडलं देव जाणे. याला मात्र हाताचा दोष असं कोणी म्हटलं नाही. तसं झाकण आमच्याकडे मिळत नव्हतं, नागपूरहून मागवावं लागणार होतं. तोवर फडकं कोंबून ठेवलं. बाबांनी ते फडकं हातानं चाचपून पाहिलं आणि त्यांना ते काही बरं वाटलं नाही. पाणी पडलं की फडकं पेट्रोलमध्ये पाणी सोडेल, म्हणाले.

दोन वर्षांनी त्यांनी पेटी उघडली. टाकीच्या तोंडाचं माप बोटांनी घेतलं, सागाच्या एका जुन्या तुकड्यातून झाकण कोरलं, डोळ्यांनी कमी आणि अंगठ्यानं जास्त. आत अडकायला दोन दात ठेवले, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर कापून खाली गोल बसवलं, वरून जवसाचं तेल चोळलं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी ते टाकीवर बसवून अर्धा फेरा फिरवला, तर असं बसलं की जणू कारखान्यातून आलंय. थेंबभर पाणी आत जाणार नाही, असं ते मला तीनदा म्हणाले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं. नागपूरच्या झाकणाचं नाव मग आम्ही कोणी काढलं नाही.

आणि गाडी बंद पडायला लागली.

घरातून निघताना ती झकास निघायची. बारा-तेरा किलोमीटर काही तक्रार नाही. मग एक नाला लागायचा, आणि नाल्यापलीकडे लांब चढ. त्या चढावर मी रेस दिली की आधी काहीच व्हायचं नाही. पाय खाली जातोय आणि गाडी आपल्या विचारात. मग खुक् खुक् करत दोन धक्के, आणि बंद. आजूबाजूला नुसतं सागाचं जंगल, चिटपाखरू नाही. मी उतरायची, बॉनेट उघडून उगाच आत बघायची. मग मागं जाऊन पेट्रोल आहे का ते बघायची, कारण गाडीचा काटा घेतली तेव्हापासून मेलेलाच होता. त्यासाठी मी एक बांबूची कमची ठेवली होती. झाकण काढून कमची टाकीत बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचं. पेट्रोल असायचंच. मग पुन्हा बसून चाबी फिरवली की गाडी चालू! अशी चालू, की जणू मीच खोटं बोलत होते. परतीला उतार होता, त्यामुळे संध्याकाळी तिची काही कुरकुर नसायची.

चाचांचं गॅरेज अहेरी रोडवर होतं. म्हातारा मनुष्य, हात सोन्याचा, जिपा आणि ट्रक दुरुस्त करण्यात अख्खं आयुष्य गेलेलं. त्यांनी कार्बोरेटर उघडून साफ केला, जेटमधून फुंकर मारली. पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग पॉइंट घासले, प्लग बदलले, हवेच्या फिल्टरमधून मूठभर लाल माती काढून मला दाखवली. प्रत्येक वेळी म्हणाले, आता नाही पडणार. प्रत्येक वेळी दोन दिवसांत पडली. शेवटी ते स्वतः गाडी घेऊन अहेरीपर्यंत जाऊन आले, आणि ती काय पडते! यांनीही रविवारी दोनदा अहेरीला नेऊन पाहिली. ती गेली तशी आली.

मग चाचांनी फडक्याला हात पुसले आणि अगदी आदरानं, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, “मॅडम, गाडीत काही फॉल्ट नाई. पाय जरा सवकाश सोडत जा.”

झालं. त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. हे ऑफिसात सांगायचे, घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचे. वाईट हेतूनं नाही, मनुष्य म्हणून ते वाईट नाहीत. पण हसून सांगायचे, आणि हसून सांगितलेलं जास्त लागतं. शेवटी म्हणाले, चामोर्शीचा एक धानाचा व्यापारी गाडी पाहून गेला आहे, दिवाळीपर्यंत असंच चाललं तर त्याला देऊन टाकू. रोज जंगलात एकटी अडकून पडतेस, मला इथं काम सुचत नाही. त्यांची काळजी खरी होती. तीच मोठी पंचाईत होती. खोटी असती तर मी भांडले असते.

म्हणजे पुन्हा एस.टी., पुन्हा बांबूचे ट्रक. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग ठरवलं, की ही गाडी का पडते ते आपणच शोधायचं.

मला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण हजेरी घेणं कळत होतं. एक वही केली. गाडी कोणत्या दिवशी पडली, कुठं पडली, पाऊस होता की ऊन, पेट्रोल किती होतं, सगळं लिहायला लागले. तीन आठवड्यांत एक विचित्र गोष्ट दिसली. टाकी भरलेली असली की गाडी नाल्याच्या अलीकडेच कुरकुरायची. टाकी अर्धी असली की चढापर्यंत जायची. आणि पेट्रोल तळाला गेलं असेल तेव्हा थेट शाळेपर्यंत, एकही धक्का न देता! मी हे यांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. उपाशी ठेवली की चांगली पळते म्हणतेस, म्हणाले. मी वही मिटली आणि मनात म्हटलं, थांबा जरा.

उलगडा झाला तो एका गुरुवारी. आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली होती. गाडी नाल्याच्या अलीकडेच पडली. मी मागं गेले, कमची काढली, झाकणाला हात घातला. झाकण फिरलं, पण निघेना. रोज जरा घट्ट यायचं, ते मी बाबांच्या हाताचं कौतुक समजत होते. त्या दिवशी मात्र दोन्ही हातांनी ओढावं लागलं. निघताना आवाज आला. सूंऽऽ असा लांब, आत जाणारा. हा आवाज मी पूर्वीही ऐकला असणार, पण चिडलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. त्या दिवशी वारा नव्हता, पान हलत नव्हतं. मी झाकण पुन्हा लावलं, काढलं. आता आवाज नाही. टाकीनं आपल्याला हवा तेवढा श्वास घेतला होता.

मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. आमच्या घरी तेलाचा पिपा आला की मी खिळा घेऊन त्याला दोन भोकं पाडते. एक तेलाचं, एक हवेचं. एकाच भोकानं तेल येत नाही, गुटगुट करून अडून बसतं. हे आमच्याकडे कोणत्याही बाईला झोपेतून उठवून विचारा. टाकीतून पेट्रोल इंजिनाकडे जात होतं आणि त्याच्या जागी आत हवा यायला वाट नव्हती. सपाट रस्त्यावर भागत होतं. चढावर रेस दिली, इंजिनानं जास्त मागितलं, की टाकी सोडायची नाही. भरल्या टाकीत हवा थोडीच, म्हणून ती लवकर अडायची. अहेरी जवळ, म्हणून यांच्या हातात ती पडत नव्हती. चाचा तर गाडी आली की आधी झाकण काढून पेट्रोल बघायचे. मीही रस्त्यात तेच करायची आणि गाडी त्यानंच चालू व्हायची. फडकं होतं तेव्हा ती कधीच पडली नाही. कंपनीच्या झाकणात बारीक वाट असणार. बाबांनी ती ठेवली नव्हती, कारण थेंबभर पाणी आत जाऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झाकण सैल ठेवून गेले. गाडी पडली नाही. तिसऱ्या दिवशी घट्ट लावलं, पडली. पुन्हा सैल, पुन्हा नाही. दोष माझ्या पायात नव्हता. मी एकटीच गाडीत मोठ्यानं हसले, आणि शाळा यायच्या आत माझं हसू ओसरलं.

कारण आता हे सांगायचं कोणाला? यांना सांगितलं तर ते चाचांना सांगणार, हसून. चाचा गॅरेजवर सांगणार. आलापल्लीत अर्ध्या दारांवर ज्याचा रंधा फिरला त्या माणसाच्या हातचं शेवटचं काम चुकलं, हे चौकात चहाबरोबर निघणार. आणि बाबा पेटी पुन्हा कधी उघडणार नाहीत. मी चार दिवस विचार केला. मग पाचव्या दिवशी दुपारी बाबा झोपले असताना झाकण आत आणलं, स्टोव्हवर दाभण लाल केलं आणि सागातून आरपार घातलं. दाभण घसरलं, भोक तिरपं गेलं. वरच्या अंगाला जरा तेल चोळून जळलेलं पुसून टाकलं आणि झाकण गार झाल्यावर जागेवर लावून आले.

गाडी सुतासारखी सरळ झाली. चढावर रेस दिली की अशी उचलायची! महिनाभर एकदाही पडली नाही. चामोर्शीच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. हे म्हणाले, जमलं बुवा तुला एकदाचं. चाचा म्हणाले, पाय सुधारला मॅडमचा. मी दोघांकडे बघून हसले. आतून माझा जळफळाट होत होता, खोटं कशाला बोलू. रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. रोज बाबा अंगणात खाटेवर बसलेले दिसायचे आणि मी गप्प राहायची.

दिवाळी झाली आणि बाबा एकदाचे ऑपरेशनला तयार झाले. चंद्रपूरला न्यायचं होतं. यांना सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी नेते. त्या रविवारी चाचा गाडीचं पाणी-ऑइल पाहायला घरी आले होते. हे म्हणाले, इतक्या लांब नको, एखादा ड्रायव्हर बघू. तुझा पाय आत्ता कुठं बसलाय, म्हातारा माणूस गाडीत, वाटेत पडली तर काय करशील? चाचांनीही मान हलवली. मी तोंड उघडणार, इतक्यात खाटेवरून बाबा बोलले.

“ते टाकीचं झाकन आना इकडे.”

चाचांनी काढून दिलं. बाबांनी ते हातात फिरवलं. अंगठा वरून नेला आणि भोकावर थांबवला.

“गाडी तिच्या पायानं नाई पडे,” ते म्हणाले. “माह्या झाकनानं पडे. आत हवा जाले जागाच नाई ठेवलो मी. हिनं भोक पाडलं, तईपासून पडली का?”

चाचांनी झाकण घेतलं, उजेडात धरलं, भोकातून फुंकर मारली, आणि बिचाऱ्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत एवढं साधं नाही सुचलं, म्हणाले. मी बाबांना विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं.

“त्याच दिसी. साग जयला त मले वास नाई येनार का, बाई? समजा मले दिसत नाई, नाक त हाये.” मग म्हणाले, “तू सांगशीन म्हून वाट पायली. मंग लाज वाटली. तुले बोलनी बसत होती अन् मी झाकन वाचवून राह्यलो होतो.”

माझे डोळे भरून आले. मी त्यांना वाचवत होते आणि ते मला पाहत होते, आणि दोघंही महिनाभर एका घरात गप्प. बाबांनी पुन्हा भोकावर अंगठा फिरवला. भोक तिरपं आहे, म्हणाले. मला सांगितलं असतं तर मीच सरळ पाडून दिलं असतं. पेटीतून गिरमिट आणायला लावलं. चाचांनी झाकण धरलं, आणि बाबांनी माझ्या भोकाशेजारी दुसरं भोक पाडलं, डोळे मिटून, हळूहळू. ते माझ्यापेक्षा तिरपं गेलं. चाचांनी पाहिलं, यांनी पाहिलं, मी पाहिलं. बाबांनी अंगठा फिरवून ‘आता बरोबर’ म्हटलं आणि आम्ही तिघांनी हो म्हटलं. यांनी खिशातून चाबी काढून माझ्या हातात दिली. त्यानंतर माझ्या पायाची गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

चंद्रपूरला मी नेलं. चढ आले, उतार आले, गाडी कुठं अडली नाही. ऑपरेशन चांगलं झालं. दोन दिवस तिथं राहून, डोळ्याची पट्टी निघाल्यावर आम्ही परत निघालो. आष्टीला पेट्रोल भरायला थांबलो. झाकण टपावर ठेवू नकोस म्हणून बाबा स्वतः खाली उतरले, हात पुढं केला आणि मी झाकण त्यांच्या हातात दिलं. काळा चष्मा जरा वर करून त्यांनी ते उन्हात धरलं. दोन्ही भोकं पाहिली. उलटं करून पुन्हा पाहिली.

मग म्हणाले, “तुह्यावालं बरं हाये.”

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेली पंधरा दिवसांची विश्रांती त्यांनी पाळली. सोळाव्या दिवशी पेटी उघडून सागाची एक बारीक खुंटी तासली, झाकणाच्या एका भोकात ठोकून घासून सपाट केली. मी वाकून पाहिलं. बुजवलं होतं ते त्यांचं भोक होतं. माझं त्यांनी तसंच ठेवलं होतं.